जुन्या इन्सर्टच्या कडेने येणारा गार वारा: फटी बुजवण्याआधी

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये पुण्याहून व्हरमाँटला येताय, घर भाड्याचं आणि जुनं आहे, हॉलमधल्या विटांच्या फायरप्लेसमध्ये लाकडावर चालणारी जुनी लोखंडी शेगडी, म्हणजे इन्सर्ट, बसवलेली आहे, आणि आधीच्या भाडेकरूंच्या म्हणण्याप्रमाणे जानेवारीत तिच्या कडेने बोचरा वारा येतो. फटींत स्प्रे फोम मारून टाकू का, हा तुमचा प्रश्न. अजिबात नको. फोम जळतो, आणि वारा पुढच्या फटीतून लागत असला तरी तो येतो वरून, धुराड्यातून.

मी शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये राहतो. घरं तशीच, थंडीही तीच. धुराडं बाहेरच्या भिंतीला असलं की शेगडी विझल्यावर त्यातली हवा गारठते, जड होते आणि खाली उतरते. त्यात आपण स्वयंपाकघरात फोडणी टाकताना एक्झॉस्ट लावतो, पलीकडे कपड्यांचा ड्रायर चालू असतो. हे दोघं घरातली हवा बाहेर फेकतात. तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी, आणि धुराड्याइतकी मोठी वाट घरात दुसरी नसते. म्हणून पंखा बंद करून एकदा बघा. कित्येकदा निम्मा वारा तिथेच थांबतो.

मग उदबत्ती काढा. शेगडी पूर्ण थंड असताना पुढच्या पत्र्याच्या, म्हणजे सराउंडच्या, कडेने उदबत्ती सावकाश फिरवा. धूर तुमच्या अंगावर आला तर गार हवा आत येतेय. धूर फटीत ओढला गेला तर तुमची पैसे मोजून तापवलेली हवा वर चाललीय, आणि तिच्या जागी खिडक्यांच्या फटींतून गार हवा येतेय. दुसरा प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही. ते खिडक्यांना प्लास्टिक लावत बसतात.

आता मुख्य गोष्ट. शेगडीच्या डोक्यावरून स्टीलचा पाइप, म्हणजे लायनर, धुराड्याच्या टोकापर्यंत गेलाय का? अमेरिकेत लाकडाच्या शेगड्यांसाठी ईपीएचे, म्हणजे तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे, पहिले नियम 1988 मध्ये आले. त्याआधीच्या बऱ्याच इन्सर्ट नुसत्या फायरप्लेसमध्ये ढकलून दिलेल्या असतात. धूर मागच्या पोकळीत सुटतो आणि जमेल तसा वर जातो. तिथे क्रिओसोट, म्हणजे डांबरासारखी चिकट काजळी, साचते आणि एक दिवस धुराड्यातच पेट घेते. तुमच्याकडे हा प्रकार असेल तर वाऱ्याचा विचार बाजूला ठेवा. लायनर बसेपर्यंत ती शेगडी पेटवायची नाही.

लायनर असेल तर उपाय सोपा आहे, पण तो पुढून करायचा नाही. धुराड्याचा गळा जिथे अरुंद होतो, जुन्या डॅम्परच्या, म्हणजे धुराडं उघडण्या-मिटण्याच्या झडपेच्या, जागी, तिथे पत्र्याची प्लेट बसवतात. इथे तिला ब्लॉक-ऑफ प्लेट म्हणतात. मधल्या भोकातून लायनर जातो, कडा उच्च तापमानाच्या सीलंटने बंद करतात आणि प्लेटच्या वर रॉकवूल भरतात. रॉकवूल दगडाच्या तंतूंचं असतं, हजार अंश सेल्सिअसलाही वितळत नाही. दुकानात शेजारीच गुलाबी फायबरग्लास स्वस्त मिळेल, ते घेऊ नका. त्यातला चिकटवणारा पदार्थ तापल्यावर जळतो आणि घरभर वास सुटतो. प्लेट बसली की गार हवा वरच अडते, आणि शेगडीची ऊबही विटांत न मुरता खोलीत येते. सराउंड आणि ओबडधोबड विटा यांच्यामधल्या फटीत त्यानंतर सिरॅमिक किंवा रॉकवूलची पट्टी दाबली की झालं. पुढून नुसती पट्टी दाबणं म्हणजे आधी कळस मग पाया.

शेगडीच्या दाराच्या कडेला फट बंद करणारी दोरी असते, तीही तपासा. थंड शेगडीच्या दारात एक डॉलरची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज सुटली तर दोरी गेली. नवी त्याच जाडीचीच घ्यायची. मात्र शेगडीला ज्या झडपेतून हवा मिळते, ती वारा येतो म्हणून कधीही कापड किंवा लोकर कोंबून बंद करू नका. आग गुदमरली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीत येतो, आणि त्याला वास नसतो. त्याचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ हवाच.

हे सगळं वाचून लगेच स्क्रूड्रायव्हर उचलू नका. घर भाड्याचं आहे, प्लेट आणि लायनर हे मालकाचं काम. करारावर सही करण्याआधी त्यांना लेखी विचारा: लायनर आहे का, धुराडं शेवटचं कधी साफ केलं, साफ करणाऱ्याचा रिपोर्ट कुठे आहे. तोंडी ‘सगळं ठीक आहे’ यावर जाऊ नका. इथले घरमालक गोड बोलतात. तुमच्या भाडेकरू विम्याच्या कंपनीलाही शेगडीबद्दल आधीच सांगून ठेवा. मालक काही करायला तयार नसेल तर शेगडी न पेटवण्याचं ठरवा, मागे रॉकवूल भरून घ्या आणि दाराला ‘पेटवू नये’ अशी ठळक चिठ्ठी बांधा, घरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी.

पेटवणार असाल तर लाकडाचं आत्ताच मालकाशी बोला. लाकूड कॉर्डवर विकतात, एक कॉर्ड म्हणजे 128 घनफूट. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा, आणि ऑक्टोबरमध्ये ‘सुकं’ म्हणून येणारं लाकूड पुष्कळदा उन्हाळ्यातच तोडलेलं असतं.