मुतखडा झाल्यावर दूध बंद करावे का?

बंद करू नये. गंगावेशीत समोर पिळलेले धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकरांना तर हे ठामपणे सांगायला हवे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, म्हणजे कॅल्शियम आणि पालकासारख्या अन्नातून येणारे ऑक्झलेट यांच्या संयुगाचे असतात, म्हणून पूर्वी डॉक्टरही कॅल्शियम टाळायला सांगत. प्रत्यक्षात जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून शौचावाटे बाहेर काढते. दूध तोडले की तेच मोकळे ऑक्झलेट रक्तात शोषले जाऊन मूत्रपिंडात पोहोचते. वारंवार खडे होणाऱ्या १२० इटालियन पुरुषांचा पाच वर्षांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ व मांस कमी करणाऱ्यांमध्ये, कॅल्शियम तोडणाऱ्यांच्या तुलनेत, पुन्हा खडे होण्याचे प्रमाण सुमारे निम्मे आढळले. तेव्हा हात आखडायचा तो मटणावर आणि खारट रश्श्यावर, दुधावर नव्हे.

पाणी मात्र इतके प्यावे की दिवसाला अडीच लिटर लघवी होईल; शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीसमोर घाम गाळणाऱ्याला त्यासाठी इतरांहून पुष्कळच जास्त पाणी लागेल. पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा आपोआप पडतो, परंतु वेदनेसोबत थंडीताप आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.