स्वस्तातली छोटी गाडी घरपोच सामान पोहोचवण्याच्या कामात टिकते का, आणि तिची देखभाल कशी करावी?

आपण विचारले आहे की, कमी किमतीत घेतलेली जुनी पेट्रोल हॅचबॅक दिवसभर पार्सले पोहोचवण्यासाठी वापरली तर ती किती तग धरेल, आणि पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरनुसार सर्व्हिसिंग करत राहिले तर ते पुरेसे होईल का. मी सात वर्षे हेच काम करतो आहे आणि त्यांपैकी सहा वर्षे १.२ लिटर इंजिनाची एकच साधी गाडी वापरली आहे. गाडी तग धरते, हे अनुभवाने सांगू शकतो. वेळापत्रक मात्र पुरेसे नाही, कारण ते किलोमीटरवर बेतलेले असते आणि आपली गाडी किलोमीटरपेक्षा थांब्यांनी अधिक झिजते.

हिशेब करून पाहा. दिवसाला ६० थांबे आणि महिन्याला २५ दिवस काम धरले, तर वर्षाला १८,००० थांबे होतात, म्हणजे तितक्याच वेळा स्टार्टर फिरतो, चालकाचा दरवाजा उघडून आपटला जातो, हँडब्रेक ओढला जातो आणि पहिला गियर पडतो. घरगुती वापरातली गाडी दिवसातून चार वेळा सुरू केली, तरी वर्षाचा आकडा दीड हजाराच्या पुढे जात नाही. ज्या भागांचा थांबण्या-निघण्याशी संबंध आहे, ते आपल्या हाती एका वर्षात बारा वर्षांचे वय गाठतात, आणि ओडोमीटरवर त्याचा मागमूसही दिसत नाही.

इंजिनाचेही तसेच आहे. ताशी सरासरी ५० किलोमीटरने चालणारी गाडी १०,००० किलोमीटर २०० तासांत कापते, तर गल्लीबोळांतून सरासरी १५ किलोमीटरने फिरणाऱ्या आपल्या गाडीचे इंजिन तेवढ्याच अंतरासाठी साडेसहाशेहून अधिक तास फिरते. ऑइल खराब होते ते या तासांमुळे. बहुतेक पुस्तिकांमध्ये ‘कठोर वापरा’साठी वेगळा, लवकरचा कालावधी दिलेला असतो, पण तो तक्त्याखाली बारीक अक्षरांत असल्यामुळे कोणी वाचत नाही, आपले काम त्याच प्रकारात मोडते. मी सरळ निम्म्या अंतरावर ऑइल आणि फिल्टर बदलतो. ऑइल महागातलेच हवे असे नाही, पण ग्रेड, म्हणजे ऑइलच्या जाडीचा क्रमांक, मात्र पुस्तिकेत सांगितलेलीच हवी. गाडी जुनी झाली म्हणून जाड ऑइल घालण्याचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो, तो मी मानत नाही. आठवड्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी काढून पाहण्याची सवय लावून घ्या, कारण जुने इंजिन थोडे ऑइल पिते आणि पातळी धोक्याच्या खाली जाईपर्यंत डॅशबोर्डवरचा दिवा लागत नाही. त्याच वेळी कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी पाहावी आणि रेडिएटरचा पंखा वेळच्या वेळी सुरू होतो याची खात्री करावी. संथ वाहतुकीत समोरून वारा मिळत नसल्यामुळे इंजिन थंड ठेवण्याची सारी भिस्त त्या पंख्यावर असते.

थांब्यावर इंजिन बंद करावे की चालू ठेवावे, हा प्रश्न आपल्याला पडेलच. छोटे पेट्रोल इंजिन नुसते उभ्या जागी तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाळते. प्रत्येक थांबा दोन मिनिटांचा धरला तर दिवसाचे दोन तास, म्हणजे एक ते दीड लिटर पेट्रोल वाया जाते. शिवाय चालू गाडी सोडून कोणाच्या दारात जाणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणेच आहे. म्हणून मी प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद करून किल्ली काढून घेतो आणि स्टार्टर तुलनेने लवकर बदलावा लागेल हे गृहीत धरतो.

बॅटरीबद्दल मात्र एक गैरसमज आहे. वारंवार स्टार्ट केल्याने ती बसते असे म्हणतात, परंतु एका स्टार्टला लागणारी एकूण वीज अल्पच असते आणि चालत्या गाडीत ती लवकर भरून निघते. बॅटरीचा खरा घात होतो तो इंजिन बंद असताना चालू राहणाऱ्या गोष्टींनी. धोक्याचे दिवे लावले की चार कोपऱ्यांतले २१ वॉटचे चार बल्ब लुकलुकत राहतात, त्यात एसीचा पंखा आणि मोबाईलचा चार्जर यांची भर पडते. हे मी पहिल्या वर्षी एका पावसाळी दुपारी शिकलो, जेव्हा गाडीत २३ पार्सले शिल्लक असताना किल्ली फिरवल्यावर फक्त टिक टिक असा आवाज आला. तेव्हापासून व्होल्टेज मोजणारा एक साधा मल्टिमीटर गाडीतच ठेवला आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास असली म्हणजे ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरत असेल, तर आजार अंगावर न काढता बॅटरी बदलून टाकावी. आपोआप बंद-चालू होणाऱ्या इंजिनाची गाडी असेल तर तिची बॅटरी खास प्रकारची असते. तिच्या जागी साधी बॅटरी बसवू नये, ती फार दिवस टिकत नाही.

माझी सर्वांत महागडी चूक क्लचची होती. चढावर घराचा क्रमांक शोधताना मी गाडी हाफ क्लचवर, म्हणजे क्लचचे पेडल अर्धवट दाबून, धरून ठेवत असे, आणि दुसऱ्याच वर्षी चौथ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढायचे, पण वेग वाढेना. क्लच प्लेट गेल्याची ही ठळक खूण आहे, आणि प्लेट स्वतः महाग नसली तरी तिच्यासाठी गियरबॉक्स उतरवावा लागत असल्यामुळे मजुरी जड जाते. मेकॅनिकने जळकी प्लेट माझ्या हातात दिली आणि एवढेच विचारले, “साहेब, पाय ठेवायला दुसरी जागा नाही का?” ऑटो गियरच्या स्वस्त गाड्यांमध्ये पेडल नसले तरी बहुतेकांत आत क्लच तोच असतो, त्यामुळे अशी गाडी चढावर ॲक्सिलरेटरच्या आधाराने उभी ठेवली तर तीही तशीच जळते. दोन सेकंदांहून जास्त थांबायचे असेल तर ब्रेक दाबावा.

हँडब्रेकची केबल या कामात ताणली जाते. चढ-उतारावर पायाचा ब्रेक दाबलेला असतानाच हँडब्रेक ओढावा, मग पायाचा ब्रेक हळूच सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यावा, आणि त्यानंतरच गियर टाकावा. उलट क्रमाने केले तर सगळा भार गियरबॉक्सवर येतो. ब्रेक पॅड मी ३ मिलिमीटर उरले की बदलतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतला ओलावा शोषून घेते आणि ओलावा वाढला की तापल्यावर त्याला उकळी फुटू शकते.

आता वजनाविषयी, कारण छोट्या गाडीच्या मर्यादा इथे सर्वांत आधी उघड्या पडतात. मागची सीट दुमडली की जागा भरपूर दिसते आणि ती छतापर्यंत भरण्याचा मोह होतो. गाडीच्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की जे उरते, तेवढाच भार ती पेलू शकते, आणि त्यात आपले स्वतःचे वजनही येते. काही उत्पादक रिकाम्या वजनात चालक आधीच धरतात, त्यामुळे आकड्याखालची टीप वाचावी. पार्सलांचे वजन डोळ्यांना कळत नाही. कपड्यांनी गाडी गच्च भरली तरी तिला फरक पडत नाही, पण अर्ध्या लिटरच्या २४ पाण्याच्या बाटल्यांचा एक बॉक्स १२ किलोचा होतो आणि असे २० बॉक्स २४० किलो होतात, तेही गाडी अर्धी रिकामी दिसत असताना. जड माल नेहमी तळाशी आणि पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवावा. मागच्या चाकांच्या पलीकडे, डिक्कीच्या तोंडाशी जड माल ठेवला तर गाडीचे नाक उचलले जाते, पुढच्या चाकांची पकड कमी होते आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालकाच्या मागे मजबूत जाळी बसवून घ्या. अचानक ब्रेक लागल्यावर मानेवर आलेला खोका एकदा अनुभवला की तिचा खर्च खुपत नाही.

टायरमधील हवेचे आकडे बहुधा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील स्टिकरवर असतात, आणि तिथे अनेकदा कमी भार आणि पूर्ण भार असे दोन वेगळे आकडे दिलेले असतात. आपण मागच्या चाकांसाठी पूर्ण भाराचा आकडा धरावा आणि हवा सकाळी, टायर थंड असतानाच पाहावी. दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो म्हणून हवा सोडणे चुकीचे आहे. उभ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण वळवणे आणि फुटपाथच्या कडेवर चाक चढवणे या दोन सवयींनी माझे पुढचे टायर जेवढे खाल्ले, तेवढे रस्त्याने खाल्ले नसतील.

दरवाजाच्या बिजागऱ्यांना आणि त्याला उघडा धरणाऱ्या पट्टीला महिन्यातून एकदा ग्रीस लावावे, आणि सीटच्या बाहेरील कडेवर जाड कव्हर घालावे, कारण चढता-उतरता तिथला फोम सर्वांत आधी दबतो आणि पुढे कंबर दुखू लागते. हे क्षुल्लक वाटेल, पण माझ्या गाडीत इंजिनाहून दरवाजाचेच काम अधिक वेळा निघाले आहे.

गाडी कामाला जुंपण्यापूर्वी विमा कंपनीला वापराचे स्वरूप लेखी कळवा. खासगी वापराच्या पॉलिसीत मोबदला घेऊन केलेली मालवाहतूक सहसा वगळलेली असते, आणि ही गोष्ट अपघातानंतर कळून उपयोग नाही. गाडीची नोंदणी या वापराला चालते का, हेही तेव्हाच तपासावे.

शेवटची गोष्ट वहीची. मी रोजचे किलोमीटर, थांबे आणि भरलेले पेट्रोल लिहून ठेवतो आणि महिन्याअखेरीस पेट्रोल, दुरुस्ती, टायर आणि गाडीच्या किमतीतली घट यांची बेरीज थांब्यांच्या संख्येने भागतो. हा आकडा सलग तीन महिने वाढत गेला की गाडीत काहीतरी बिघडते आहे हे मेकॅनिकच्या आधी मला कळते. मागच्या खेपेला तो घासणारा मागचा ब्रेक निघाला होता.