ज्याला बापाचीच भीती, त्याने देवाला बाप कसं म्हणावं?

तुम्ही विचारलंय: वडील दारू पिऊन मारायचे, त्यामुळे चर्चमध्ये ‘देव आपला बाप आहे’ ऐकलं की आजही अंगावर काटा येतो. मग कुटुंबांमधली सेवा नेमकी याच पायावर का उभी करतात?

मी पाळक (पास्टर) नाही. नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या मंडळीत, नोकरी सांभाळून, घरसभा घेतो. एकदा बायबलमधलं लूक १५ वाचत होतो, उधळ्या पुत्राचा दाखला: धाकटा पोरगा बापाकडून आपला वाटा घेऊन जातो, सगळा उडवतो आणि परत घरी येतो, तर बाप त्याला जवळ घेतो. ऊसतोडीत मुकादमकी केलेले एक काका मध्येच म्हणाले, “अन् पैशाचा हिशेब नाही विचारला त्यानं?” सगळे हसले. काका नाही हसले.

नाही विचारला. पोरगा वाटेत वाक्यं जुळवून आलेला असतो, ‘मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा.’ १९व्या ओवीत ते आहे. २१व्या ओवीत तो बोलू लागतो, पण मोलकऱ्यापर्यंत पोचायच्या आतच बाप झगा, अंगठी, जोडे मागवतो. त्याआधी तो धावत सुटलेला असतो, म्हातारा माणूस, भर रस्त्यात. आणि उपदेशात हमखास राहून जातं ते पुढचं: थोरला रुसून बाहेर उभा, तर बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, समजूत घालायला. एकाच दिवसात दोन पोरांसाठी दोनदा.

आपली गल्लत अशी होते की आपण आपल्या बापाचा फोटो मोठा करून त्याला देव म्हणतो. प्रेषित पौल इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात (३:१४-१५) उलटीकडून येतो. ग्रीकमध्ये पिता म्हणजे ‘पातेर’, कुळ म्हणजे ‘पात्रिया’. प्रत्येक कुळाला नाव त्या पित्यावरून. म्हणजे माप तिकडचं, आणि मोजले जातो आम्ही बाप लोक. तुमचे वडील त्यात फार कमी भरले. मीही पुरा भरत नाही, माझ्या मुलीला विचारा.

‘देव बाप आहे, म्हणून घरात बापाचा शब्द शेवटचा’ असंही शिकवलं जातं. मला ते साफ नामंजूर आहे. रोमन कायद्यात बापाला मुलांच्या जिवावरसुद्धा हक्क होता, आणि त्या काळात पौल बापांनाच बजावतो, मुलांना चिरडीस आणू नका (त्याच पत्रात, ६:४). आमच्याकडे कुणाच्या घरात मारहाण चालू असेल तर ‘सोस, प्रार्थना कर’ म्हणत नाही. बाईला १८१, मुलाला १०९८ हा नंबर आधी देतो.

तुम्ही आत्ताच ‘बापा’ म्हणायला हवं असंही नाही. बायबलमधलं यशया ६६:१३ वाचा, तिथे देव आईसारखं सांत्वन करीन म्हणतो. आमच्या सभेतली एक ताई चार वर्षं फक्त ‘प्रभू’ म्हणून प्रार्थना करते. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना सुरू झाली की ती गप्प राहते आणि ‘आमची रोजची भाकर’पासून आमच्यात येते. तिला आजवर कुणी का म्हणून विचारलेलं नाही.