खाडीच्या पुलावरची रोझरी

प्रिय बाय,

रविवारी मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, सुटल्यावर देवळाच्या पायरीवर तू मला गाठलंस. धाकटा खांद्यावर झोपलेला, थोरलीनं तुझी ओढणी धरलेली. "टीचर, मला प्रार्थनेला वेळच मिळत नाही. माझी श्रद्धा कमी झालीय का?" एवढं बोललीस आणि तुझे डोळे भरून आले. तेवढ्यात रिक्षा आली नि तू गेलीस. उत्तर द्यायचं राहिलं. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

श्रद्धा कमी झालेली नाही. तू दमली आहेस. या दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात, म्हणून तुझी गफलत झाली.

आधी एक ओझं खाली ठेव. रोज पूर्ण रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, म्हटलीच पाहिजे, असा नियम चर्चनं कुणाही संसारी माणसाला घातलेला नाही. रोझरी ही भक्ती आहे, कर्तव्य नव्हे. रविवारची मिस्सा हे कर्तव्य आहे, पण तिथंही कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २१८१व्या परिच्छेदात सूट दिलेली आहे आणि सुटीची दोन उदाहरणं नाव घेऊन सांगितलीत: आजारपण आणि तान्ह्या मुलांची देखभाल. मी वीस वर्षं मुलांना धर्मशिक्षण दिलं, तुलाही दिलं, पण हे वाक्य वर्गात कधी मोठ्यानं वाचून दाखवलं नाही. वाचायला हवं होतं. तुझा बाळ तापानं फणफणला होता त्या रविवारी तू घरी राहिलीस आणि आठवडाभर मनाला लावून घेतलंस, ते उगाच.

तुझ्या मनात कुठली प्रार्थना आहे ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही मनात तीच होती. संध्याकाळी देवळाची घंटा झाली की सगळं घर अल्तारापुढे, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यापुढे, गुडघ्यावर. आजोबा सुरुवात करायचे, मग पाच रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, मग मरियेची लितानी, म्हणजे तिची नावं घेत केलेली विनवणी, आणि शेवटी लहानांनी मोठ्यांपुढे जाऊन आशीर्वाद घ्यायचा. पण त्या घरात स्वयंपाकाला तीन बायका होत्या, वाडीतलं काम दिवस मावळला की थांबायचं, आणि रांगतं पोर ज्याच्या हाताशी असेल त्याच्या मांडीवर जायचं. तू त्या वेळी अंधेरीच्या फलाटावर विरार लोकलमध्ये पाय ठेवायला जागा शोधत असतेस. आजोबांची वेळ तुझ्या दिवसात बसत नाही. बसवायला गेलीस तर रोज हरशील, आणि रोज हरणारा माणूस काही दिवसांनी तो प्रयत्नच सोडतो.

मी काय केलं ते सांगते. मी बोरिवलीला शिकवायला जायचे. वसई रोडला गाडी पकडायची, बोरिवलीला उतरायचं. नोकरी लागून सहा-सात वर्षं झाल्यावर एका सकाळी माझ्या लक्षात आलं की मधले टप्पे बरोबर पाच आहेत. वसई रोड ते नायगाव, नायगाव ते भाईंदर, भाईंदर ते मीरा रोड, मीरा रोड ते दहिसर, दहिसर ते बोरिवली. पाच टप्पे, पाच रहस्यं. एक आमच्या स्वर्गातील पित्या, दहा नमो मरिया, एक पित्याला गौरव, तोवर पुढचं स्टेशन येतंच. माळ हातात धरायची सोय नसायची. एक हात कडीला, दुसरा पर्सवर. मग पर्सवरच्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायचा. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा. दहा झाली की थांबायचं. शेजारच्या बाईला वाटायचं, मी महिन्याचा हिशेब मांडतेय.

दुसरा टप्पा सगळ्यांत लांब, कारण मध्ये खाडीचा पूल. त्यामुळे दुसऱ्या रहस्याला नेहमी थोडा जास्त वेळ मिळायचा. सोमवारी आनंदाची रहस्यं, म्हणजे खाडीवर मरिया तिच्या नात्यातल्या एलिझाबेथला भेटायला डोंगराळ भागात निघालेली असायची. ती पोटुशी, तरी लगबगीनं निघालेली, आणि मी दारातल्या गर्दीत. तीसुद्धा प्रवासातच होती, हे मला त्या पुलावर कळलं. वर्गात तेच रहस्य कितीदा शिकवलं होतं, तेव्हा नाही कळलं. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्यं जोडली, तेव्हापासून गुरुवारी खाडीवर काना गावचं लग्न लागायला लागलं. द्राक्षारस संपलाय हे आधी मरियेच्या लक्षात येतं. घरातलं काय संपलंय हे बायकांच्याच लक्षात येतं, बाय.

तू अंधेरीपर्यंत जातेस. म्हणजे बोरिवलीला माळ संपल्यावरही तुझ्याकडे वेळ उरतो. त्यात काहीच म्हणू नकोस. डोळे मिटता आले तर मीट. एखाद्या दिवशी तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाली आणि पहिल्याच टप्प्यात डोळा लागला, तर लागू दे. लिझ्यूची संत तेरेजा कॉन्व्हेंटात, म्हणजे जोगिणींच्या मठात, राहून प्रार्थनेच्या वेळी पेंगायची. तिनं स्वतःच लिहून ठेवलंय की याचं आपल्याला दुःख नाही, कारण मुलं झोपलेली असोत की जागी, आईबापांना ती सारखीच आवडतात. रात्री तुझा धाकटा तुझ्या कुशीत झोपतो, तेव्हा तू त्याला काही विचारतेस का?

मन भरकटतं, असं तू पूर्वी एकदा म्हणाली होतीस. नमो मरिया म्हणताना डब्यात भाजी भरायची राहिली ते आठवतं, थोरलीची फी आठवते, सासूबाईंच्या गुडघ्याचं इंजेक्शन आठवतं. ते हुसकावण्यात शक्ती घालवू नकोस. जे आठवलं तेच पुढच्या मण्यावर ठेव. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी एक मणी. फीसाठी एक. मीरा रोड येईपर्यंत घरातल्या प्रत्येकासाठी प्रार्थना झालेली असते.

आता जी गोष्ट मी फार कुणाला सांगितलेली नाही ती सांगते.

माझा मोठा दीड वर्षाचा होता. ऑक्टोबर चालू होता, रोझरीचा महिना, आणि यंदा एकही दिवस चुकवायचा नाही असं मी ठरवलं होतं. अठरावा का एकोणिसावा दिवस असेल. मी अल्तारापुढे, तो माझ्या पाठीवर चढतोय, उतरतोय, कानात ओरडतोय. चौथ्या रहस्याला त्यानं माझ्या हातातली माळ दोन्ही मुठींत धरून ओढली. दोरा तुटला. पांढरे मणी टपटप फरशीवर, पलंगाखाली, उंबऱ्यापाशी. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. चांगला जोरात. देवाच्या तसबिरीसमोर, मरियेचं नाव तोंडात असताना. तो रडला नाही लगेच. आधी माझ्याकडे बघितलं, मला ओळखत नसल्यासारखं, आणि मग रडला.

माझी सासू स्वयंपाकघरातून आली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तिनं पोराला उचललं, पदरानं त्याचं नाक पुसलं आणि म्हणाली, "उरलेलं म्हणून घे, मी याला ओट्यावर नेते." बस. दुसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हा मी न सांगता ती त्याला कडेवर घेऊन बाहेर गेली, तुळईला बांधलेल्या पाळण्यापाशी. तिसऱ्या दिवशीही. माझी सासू पहाटेच्या गाडीनं फुलांची पाटी घेऊन दादरला जाणारी बाई, संध्याकाळी तिचे पाय भरून यायचे. तरी ती ती पंधरा मिनिटं उभी राहायची.

मी इतके दिवस वेळ शोधत होते. खरं तर मला पोराला धरणारं माणूस हवं होतं, आणि ते मी कुणाकडे मागितलंच नव्हतं.

म्हणून तुला माझं पहिलं सांगणं हे: नवऱ्याकडे माग. रात्रीची दहा मिनिटं. "मी थकलेय" असं मोघम नको, "जेवणं झाल्यावर दहा मिनिटं दोघांना तू बघ, मी आत दार लोटून बसते" असं नेमकं सांग. तो चांगला मुलगा आहे, पण त्याला न सांगता कळणार नाही. आणि आठवड्यातून एकदा तू मुलांना घे आणि त्याला दार लोटून बसू दे. त्यालाही ओझी आहेत, ती तो बोलत नाही.

संतांच्या गोष्टी ऐकून बायका घाबरतात, कारण त्या अर्ध्याच सांगितल्या जातात. तेरेजाची आई झेली मार्टिन घे. फ्रान्समधल्या आलाँसों गावात तिचा लेस विणण्याचा धंदा होता, हाताखाली बायका काम करायच्या, नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. पहाटे साडेपाचच्या मिस्सेला जायची. प्रवचनात इथवर सांगतात. पण घरात मोलकरीण होती, हे राहून जातं. आणि लुई, तिचा नवरा, घड्याळजी होता, त्यानं १८७० मध्ये आपलं दुकान विकलं आणि बायकोच्या धंद्यात मदतीला आला, तेही राहून जातं. २०१५ मध्ये त्या दोघांना एकाच दिवशी संतपद मिळालं, नवरा-बायको म्हणून. मला ते फार योग्य वाटतं.

रोमची संत फ्रान्सिस्का तुला जास्त जवळची वाटेल. १३८४ मध्ये जन्मलेली, मोठ्या घरातली सून. सांगतात की ती मरियेची प्रार्थना वाचत होती आणि एकाच ओळीवर तिला चार वेळा घरातून हाक आली. चारही वेळा पुस्तक मिटून ती उठली. पाचव्यांदा येऊन बघते तर ती ओळ सोन्याच्या अक्षरांत लिहिलेली. घडलं असेल वा नसेल, पण ही गोष्ट शतकानुशतकं सांगितली गेली, ती हाक आल्यावर उठणाऱ्या बाईच्या बाजूनं.

मात्र यातून "काम हीच माझी प्रार्थना" असं म्हणून मोकळी होऊ नकोस. हल्ली हे वाक्य फार ऐकू येतं आणि मला ते अर्धंच पटतं. भाकरी थापताना देवाचं नाव घेणं ही प्रार्थना आहेच, माझ्या आईनं जन्मभर तेवढीच केली. पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याशी आपण फक्त काम करता करताच बोललो, त्याच्याकडे वळून कधी पाहिलंच नाही, तर काही महिन्यांनी दोघांमध्ये फक्त कामाचंच बोलणं उरतं. नवऱ्याबाबत तुला हे कळतं. म्हणून ती रात्रीची दहा मिनिटं रिकामी ठेव. फोन बाहेर राहू दे, वाचनं फोनवर असली तरी. त्या दिवसाच्या शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातल्या, चार ओळी वाच, एक शब्द मनात राहिला तर राहिला. मग दिवसभरात कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात आणि कुठं चुकलं, एवढं देवाला सांग. धपाटा घातला असशील तर तेही सांग. मी सांगितलं होतं.

सकाळसाठी फार काही सांगत नाही. चारचा गजर लावू नकोस. बाळ रात्री दोनदा उठवतो तोवर झोप ही तुझी गरज आहे, आणि अपुऱ्या झोपेवर केलेली प्रार्थना दुपारी मुलांवर राग होऊन निघते. डोळे उघडले की क्रुसाची खूण, तेवढं पुरे. आणि थोरली शाळेला निघताना तिच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस कर. व्हॅनवाला हॉर्न वाजवत असला तरी कर. दोन सेकंद लागतात. माझा मोठा आता चाळिशीचा आहे, परदेशी असतो. विमानतळावर निघताना अजून मान खाली करून उभा राहतो.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेला ये. धाकट्याला माझ्याकडे दे, मी त्याला घेऊन मागच्या दाराशी कडुनिंबाखाली थांबेन. मी पहिल्या मिस्सेला जाऊन आलेली असेन. त्याच्यासाठी एक दुधाची बाटली आणि तो निळा रुमाल आण, रुमालाशिवाय तो राहत नाही हे मी पाहिलंय. तू पुढच्या बाकावर बस.

तुझी,
टीचर