प्लास्टर निघालं म्हणून लगेच जिनात पाठवू नका

भाऊ, तुमच्या धाकट्या भावाचं मनगट जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मोडलं, आता प्लास्टर निघालंय आणि मालकाचा निरोप आलाय, "हलकं काम देतो, ये." पाठवू का, असं विचारलंत. पाठवा, पण काम कोणतं ते कागदावर आल्याशिवाय नाही. जिनात फिटर म्हणून माझी उमर गेली, म्हणून कळकळीनं सांगतो.

हंगामात काय होतं ते पाहिलंय. माणसाला काट्यावर पावत्या लिहायला बसवतात. दुपारी कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते, हमाल कमी पडतात, आणि मुकादम हाक मारतो, "अबे, जरा हात लाव." नाही म्हणायला जीभ रेटत नाही. गंजीवरचा कापूस ओढणं, फावड्यानं सरकी सारणं हे बघणाऱ्याला किरकोळ वाटतं. पण प्रत्येक फेकीला मनगट पिळतं, आणि नुकतं जुळलेलं हाड नेमकं तेच सोसत नाही. झाडूचंही तसंच.

म्हणून डॉक्टरांकडून नुसतं 'हलके काम करावे' एवढंच आणू नका. त्यांना कामं नावानिशी सांगा आणि लिहून घ्या: किती किलोपर्यंत उचलायचं, फावडं, झाडू, हातगाडी बंद, आणि हे किती आठवडे. चालू मशीनजवळ उभं करायचं नाही, हे तर हवंच. पकड अर्धी असताना रोलरपासून हात वेळेवर मागे येत नाही. चिठ्ठीची प्रत मालकाला द्या, दुसरीवर पोच घ्या.

आता पैशाचं. जिनिंग हंगामी कारखान्यात मोडते, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, सहसा नसतोच. पण कामावर इजा झाली तर मालकाकडून भरपाई घ्यायचा हक्क 1923 च्या कायद्यापासून चालत आलाय, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. काम करता येत नाही तोवर दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या 25 टक्के, शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च. भाऊ ठेकेदाराकडून लागला असला तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. हलक्या कामाची मजुरी कमी मिळाली, तर आधीच्या आणि आताच्या मजुरीतल्या फरकाच्या मर्यादेत ही रक्कम मागता येते. एक्स-रे, बिलं, हजेरीची नोंद जपून ठेवा. 'सर्व हिशोब मिळाला' अशा कागदावर किंवा कोऱ्या कागदावर सही अजिबात नको. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लवकर जाऊन या.

कामावरून आल्यावर हात थोडा सुजला, रात्री उशीवर उंच ठेवला आणि सकाळी सूज उतरली, तर काळजी नाही. सकाळीही मूठ वळत नसेल तर आदल्या दिवशी काम जास्त झालं असं समजा. बोटं बधिर पडली, मुंग्या येत राहिल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तुम्ही हिंगणघाटकडचे, सेवाग्रामचं रुग्णालय फार लांब नाही. तिथे मनगटाचे व्यायाम नीट शिकून घ्या. गरम पाण्यात हात बुडवून घरी करत राहिला तर बोटं लवकर सुटतात.

काम वाटून देतो मुकादम. त्यामुळे पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः सोबत जा आणि डॉक्टरांची चिठ्ठी मालकाच्या समोरच त्याला वाचून दाखवा.