मुलगी फुलांचं म्हणते, कोर्सची फी भरू का?

‘नमस्कार ताई. हिंगणा रोडला माझं ग्रील-गेटचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ६४ टक्के. मामाच्या लग्नात स्टेजला फुलं लावणाऱ्या कारागिरांजवळ रात्रभर बसून राहिली, तेव्हापासून “मला मोठ्या कार्यक्रमांच्या फुलसजावटीचंच करायचं” म्हणते. बाहेरगावच्या एका संस्थेचा तीन महिन्यांचा कोर्स शोधून ठेवला आहे, फी पावणेदोन लाख. मी जन्मभर लोखंड जाळलं आणि पोरीनं माळा ओवायच्या, हे मनाला पटत नाही. बीएस्सी कर म्हटलं की तोंड फुगवते. फी भरू का?’

भाऊ, नमस्कार.

फी आत्ता भरू नका, आणि पोरीला अडवूही नका. या दोन्ही गोष्टी एकाच कारणासाठी सांगते आहे. हे काम लांबून दिसतं तसं नाही. लांबून फुलं दिसतात, जवळ गेलं की लोखंड, पाणी, वजन आणि घड्याळ दिसतं. ती रात्रभर बसली म्हणता, ते मला तिच्या टक्केवारीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. सकाळी उजळलेला स्टेज सगळ्यांनाच आवडतो. रात्री दोन वाजता तार पिळणारा माणूस पाहत बसायला वेगळी आवड लागते.

एक प्रसंग सांगते, तुम्हाला लगेच कळेल. आमच्या घरच्या एका रिसेप्शनला, एप्रिलमध्ये, लॉनवर प्रवेशद्वाराची मोठी कमान उभारली होती. वरच्या पट्टीत पांढरी शेवंती आणि ऑर्किड दाटून भरलेले, खाली मात्र दोन बारीक पाय, तेही हिरवळीवर नुसते टेकवलेले. सातच्या सुमारास वावधान सुटलं आणि कमान डोलायला लागली. चार पोरं शेवटच्या पाहुण्यापर्यंत ती धरून उभी होती. फोटोत ती पोरंही आली आहेत. फुलं लावणाऱ्याचा हात सुंदर होता, पण त्यानं वजन मोजलं नव्हतं.

वजन कुठून येतं? फुलं खोचायला जी हिरवी फोमची वीट वापरतात ती साधारण २३ बाय ११ बाय ८ सेंटिमीटरची असते. हातात घेतली तर कापसासारखी. भिजली की दोन लिटरच्या आसपास पाणी पिते, म्हणजे दोन किलो. कमानीच्या माथ्यावर अशा ४० विटा बसवल्या की ८० किलो झाले, दीड पोतं सिमेंटपेक्षा जास्त, तेही डोक्यावर. वर फुलांचं आणि फांद्यांचं वजन वेगळं. आता सांगा भाऊ, पायाला किती गेजचा पाइप लागेल, बेसप्लेट केवढी घ्याल, टेका कुठून द्याल? याचं उत्तर त्या पावणेदोन लाखांच्या कोर्समध्ये नीट मिळेल की नाही, मला शंका आहे. तुमच्या वर्कशॉपमध्ये मिळेल. बिछायत केंद्रातून आलेल्या पाइपांना तारा गुंडाळून काम भागवणारे पुष्कळ आहेत. टेम्पोत मावेल, नटबोल्टनं अर्ध्या तासात उभी राहील आणि वाऱ्यात हलणार नाही, अशी घडीची फ्रेम स्वतः आखणारी मुलगी गावात वेगळी ठरेल. तुम्ही जाळलेलं लोखंड वाया जात नाही आहे.

त्या फोमबद्दल आणखी एक. वीट पाण्यात दाबून बुडवायची नसते, तरंगत सोडून आपणहून बुडू द्यायची. दाबली तर आत कोरडा गाभा राहतो आणि त्यात खोचलेलं फूल दोन तासांत मान टाकतं. पण हा फोम प्लास्टिकच आहे, कुजत नाही, त्याचा भुगा पाण्यात आणि मातीत राहतो. लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोसारख्या प्रदर्शनांतून २०२१ पासून तो बंद झाला आहे. आपल्याकडे कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि केळीचा खुंट आहेच. तिनं सुरुवातच या दोन गोष्टींवर हात बसवून केली तर पुढे बरं पडेल.

दुसरी बाजू हिशेबाची. तिला आजच एक गणित द्या. २० फूट रुंद, १० फूट उंच पडदा झेंडूच्या लडींचा करायचा, दर दोन इंचांवर एक लड. लडी झाल्या १२०, म्हणजे १,२०० फूट माळ. फूल दीड इंच जागा घेतं असं धरलं तर ९,६०० फुलं. किलोत दीडशे फुलं धरली तर ६४ किलो. फुटलेली, पिचकलेली बाजूला काढायची म्हणून ७० किलो घ्या. एक लड ओवायला दहा मिनिटं लागली तर एका माणसाचे २० तास, चौघींचे पाच. लॉन रात्री अकराला मोकळं होणार, सकाळी दहाला हळद. मग ओवायला कधी बसायचं, झेंडू किती वाजता हातात हवा, लडी कशात ठेवायच्या? हे कागदावर मांडताना तिला मजा आली तर समजा गाडी रुळावर आहे. कंटाळा आला तर तेही फुकटात कळलं.

आता नागपूरचा उन्हाळा. आपल्या लग्नांचा मोठा भाग एप्रिल-मे मध्ये, आणि मे २०१३ मध्ये इथला पारा ४७.९ अंशांवर गेलेला. फोनवर पाहिलेली परदेशी सजावट इथे दुपारी तीनला उभी करून दाखवा म्हणावं. हायड्रेंजियाचे गेंद तासाभरात फडक्यासारखे होतात. झेंडू, शेवंती, निशिगंध, पामची आणि ड्रेसिनाची पानं टिकतात. फुलांना पाणी कसं पाजायचं, ही खरी विद्या आहे. खालची पानं काढायची, धारदार सुरीनं देठ तिरपा कापायचा, स्वच्छ बादलीत निदान तीन-चार तास सावलीत उभी ठेवायची. कूलरच्या थेट झोतासमोर बादली ठेवू नये, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवावी. डच गुलाब आणि कार्नेशन शीतगृहात दोन ते पाच अंशांना खूश असतात. त्याच थंडीत अँथुरियम आणि ऑर्किड काळे पडतात, त्यांना बारा-तेराच्या वरच ठेवावं लागतं. कार्नेशनजवळ पिकलेली केळी ठेवली तर फूल मिटायला लागतं, कारण पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो. लग्नघरात फुलांच्या बादल्या आणि फळांच्या टोपल्या नेमक्या एकाच खोलीत ढकलतात.

म्हणून बीएस्सीचं तुमचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. तिनं सीईटी दिली असेल तर कृषी किंवा उद्यानविद्येची पदवी पाहा. महाराजबागेला लागून असलेलं कृषी महाविद्यालय १९०६ चं, आता अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली. तिथे सजावट शिकवणार नाहीत, पण फूल तोडल्यानंतर त्याचं काय होतं ते शिकवतील, आणि त्याची समज बाजारात कमी लोकांना आहे. चार वर्षं नको असतील तर आयटीआयमध्ये ‘फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग’ हा ट्रेड आहे, आपल्या भागात कुठल्या आयटीआयला चालू आहे ते चौकशी करा. आणखी एक दार बहुतेकांना माहीत नसतं. वर्ल्डस्किल्स या जागतिक कौशल्य स्पर्धेत वेल्डिंगसारखाच फ्लोरिस्ट्री हाही प्रकार असतो, वयाची अट साधारण बावीसची. बापाचा आणि लेकीचा धंदा एका यादीत बसलेला पाहायचा असेल तर ती यादी एकदा घरात उघडून बघा.

पण सगळ्याआधी एक हंगाम. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. तोवर पहाटे सीताबर्डीच्या फूलबाजारात आठवड्यातून दोनदा तिला न्या. घ्यायचं काहीच नाही, फक्त भाव वहीत लिहायचे. गुलाबाची गड्डी २० काड्यांची, जर्बेराची १० ची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचं काय होतं आणि पितृपक्षात गुलाबाचं काय होतं, हे तीन महिन्यांत तिच्या बोटांवर यायला हवं. मग एखाद्या डेकोरेशनवाल्याकडे मदतनीस म्हणून लावा, रोजी मिळाली तर घ्या, नाही मिळाली तरी हंगामभर टिकू द्या. मंडप सोडवायच्या रात्री तिनं मुद्दाम जावं. शिळी फुलं, तारा, टाचण्या आणि फोमचा चिखल गोळा करताना जिचं मन फिरत नाही, तिनं पुढे जावं.

रात्रीच्या कामाची तुमची धास्ती तुम्ही लिहिली नाहीत, पण ओळींमधून दिसते, आणि ती रास्त आहे. बायका असलेल्या टोळीसोबतच पाठवा, ने-आण ठरवून ठेवा, पहिल्या दोन-तीन कामांना स्वतः जाऊन बसा. तुम्ही फ्रेमकडे बघाल, ती फुलांकडे.

पैशाचं थोडक्यात. हंगामात हातात खेळतो, चातुर्मासात आटतो, मध्ये अधिक महिना आला की आणखी. फुलं रोखीनं घ्यावी लागतात, यजमानाचे पैसे मात्र लग्नानंतर फिरवाफिरवीत अडकतात, त्यामुळे निम्मी आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय बाजारात पाऊल टाकायचं नाही. सुट्या ताज्या फुलांना जीएसटी नाही, पण सजावटीच्या सेवेला १८ टक्के लागतो. धंदा वाढला की हे अंगावर येतं. कॉमर्सवाल्या मावशी-आत्याला आत्ताच पकडून ठेवा.

एवढं करूनही तिचं म्हणणं कायम राहिलं, तर पुढच्या वर्षी कोर्सचा विचार करा. तेव्हाही फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: शिकणाऱ्याच्या हाताला रोज किती फुलं मिळतात, खऱ्या कार्यक्रमावर किती दिवस नेतात, आणि मागच्या तुकडीतल्या दोघींचे फोन नंबर देतात का. पहिल्या प्रश्नावर जी संस्था गोलमोल बोलेल, तिथून उठून या.

आज संध्याकाळी एक करा. फोमची एक वीट आणा, कोरडी काट्यावर ठेवा, मग भिजवून ठेवा, आकडे तिला लिहायला लावा. मग दोघं मिळून आठ फुटी कमानीचं रेखाटन काढा. फ्रेम झाली की मला फोटो पाठवा, फुलं न लावलेली.