कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजांना (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांना) ‘विद्यार्थी यशा’साठी राज्याचं अनुदान मिळतं, ते विद्यार्थ्याच्या हातात पडतं का?

नाही, हा पैसा कॉलेजला मिळतो. विद्यार्थ्याला थेट मदत हवी असेल तर कॅल ग्रँट ही राज्याची शिष्यवृत्ती वेगळी. २०१८ मध्ये तीन जुने निधी एकत्र करून ‘स्टुडंट इक्विटी अँड अचीव्हमेंट’ कार्यक्रम झाला. त्यातून समुपदेशक, शिकवणी, नवख्यांसाठी मार्गदर्शन, प्रत्येकाचा शैक्षणिक आराखडा असा खर्च चालतो. कोणते गट मागे पडतात, याचा आराखडा कॉलेजला द्यावा लागतो.

खरा उपयोग कशाचा होतो, हे न्यूयॉर्कच्या क्युनी या शहर विद्यापीठाच्या ‘असॅप’ या विद्यार्थी-मदत कार्यक्रमात (२००७ पासून) दिसतं. त्याची सुरुवात मात्र शहराच्या पैशातून झाली. पूर्णवेळ शिकायचं, सल्लागाराला नियमित भेटायचं. बदल्यात शिष्यवृत्ती वगैरे मदतीनंतर उरलेली फी माफ, पुस्तकांना मदत आणि प्रवासखर्च. हो, बस-सबवेचा पाससुद्धा! नोकरी करून शिकणाऱ्या पोराचं शिक्षण अनेकदा अशाच किरकोळ खर्चापायी सुटतं. चाचणी अभ्यासात ‘असॅप’मधले ४० टक्के विद्यार्थी दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत घेणारे निघाले, इतरांत २२ टक्के. माणशी खर्च बराच वाढला, तरी दर पदवीमागचा खर्च उलट कमी आला.

तुम्ही कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात शिकत असाल तर पहिल्याच आठवड्यात समुपदेशन कार्यालयात जा आणि ‘ईओपीएस’बद्दलही विचारा. कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठी ती योजना १९६९ पासून आहे.